हान यू

हान यू (जन्म : इ.स. ७६८, मृत्यू : इ.स. ८२४) हे चीनमधील तांग राजवटीच्या काळातील कवी, गद्यलेखक, शिक्षक व कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विचारवंत होते. गुरूचे कार्य स्पष्ट करणारा त्यांचा 'शीश्वो' (गुरूविषयी) हा निबंध चिनी गद्यातील अभिजात लेखन मानला जातो.

जीवन

हान यू बालपणीच पोरके झाले. थोरल्या भावाने आणि त्याच्या मृत्यूनंतर भावजयीने त्यांचा सांभाळ केला. राजसेवेच्या परीक्षेत तीनदा अपयश आल्यावर इ.स. ७९२ मध्ये ते उत्तीर्ण झाले. पुढे राजधानी छांगान येथील राजकीय विद्यालयात त्यांनी अध्यापन केले.

गुरुविषयक विचार

तत्कालीन उच्चकुलीन विद्वान आपल्या मुलांसाठी शिक्षक नेमत. परंतु स्वतः कोणाचे शिष्यत्व पत्करणे त्यांना कमीपणाचे वाटे. इ.स. ८०२ च्या सुमारास सतरा वर्षांच्या एका शिष्यासाठी लिहिलेल्या 'शीश्वो'मध्ये हान यू यांनी या वृत्तीवर टीका केली. सन्मार्गाचा वारसा देणे, विद्या शिकवणे आणि शंका दूर करणे ही त्यांच्या मते गुरूची तीन कार्ये होत. ज्याच्यापाशी ज्ञान आहे तो गुरू. त्याचे वय वा दर्जा पाहू नये आणि शिष्य गुरूहून कमीच असला पाहिजे असेही नाही, असे त्यांनी मांडले. वैद्य, वादक व कारागीर एकमेकांकडून शिकताना लाजत नाहीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. उघडपणे गुरूची भूमिका घेतल्यामुळे त्यांची टवाळी झाली, अशी नोंद समकालीन लेखक लियू झोंगयुआन यांनी केली आहे.

बौद्ध मताशी संबंध

बौद्ध ध्यान संप्रदायात गुरूकडून शिष्याकडे चालत आलेल्या अखंड परंपरेला मोठे महत्त्व होते. हान यू यांनीही प्राचीन राजर्षींपासून कन्फ्यूशियस व मेन्शियसपर्यंतची, पुढे खंडित झालेली परंपरा मांडली. बौद्ध मताच्या या विरोधकाने ही कल्पना ध्यान संप्रदायावरूनच घेतली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

इ.स. ८१९ मध्ये सम्राट श्यानझोंग यांनी बुद्धाचा मानला जाणारा बोटाचा अस्थी-अवशेष राजवाड्यात आणवला. हान यू यांनी त्याविरुद्ध निवेदन सादर केले. संतप्त सम्राटाने त्यांना देहदंड देण्याचे ठरवले. मंत्र्यांच्या मध्यस्थीमुळे तो टळून दूर दक्षिणेकडील छाओचौ येथे त्यांची रवानगी झाली. या प्रवासात त्यांची बारा वर्षांची मुलगी मरण पावली. छाओचौमध्ये त्यांनी स्वतःच्या वेतनातून रक्कम देऊन शाळा पुन्हा सुरू केली. तेथील बौद्ध भिक्षू दाद्यान यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. मात्र आपण बौद्ध मत स्वीकारल्याचा प्रवाद त्यांनी पत्राद्वारे फेटाळला.

अखेरची वर्षे व प्रभाव

इ.स. ८२० मध्ये हान यू राजकीय विद्यालयाचे प्रमुख म्हणून राजधानीत परतले. इ.स. ८२४ मध्ये छांगान येथे त्यांचे निधन झाले. सोंग काळातील नवकन्फ्यूशियन विचारवंतांनी त्यांना आपले पूर्वसूरी मानले. छाओचौ येथे त्यांचे स्मृतिमंदिर असून तेथील नदी 'हान' या नावाने ओळखली जाते.