मूकनायक ते प्रबुद्ध भारत

माझ्या आजोबांचे नाव कचऱ्यावरून ठेवलेले होते. आमच्या सिहोऱ्यात त्याचे कुणाला नवल वाटत नसे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचताना त्यामुळेच माझे लक्ष त्यांच्या पदव्यांपेक्षा त्यांनी दिलेल्या आणि नाकारलेल्या नावांकडे गेले.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. परतल्यावर १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. पुढे १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. ज्या शब्दाने समाजाने वेशीबाहेर ठेवले, तोच त्यांनी पत्राच्या मथळ्यावर छापला. आता मान खाली घालण्याची पाळी बहिष्कार घालणाऱ्यांची होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला त्यांनी स्त्रियांची सभा घेतली. दुरूनच जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. बाजारातून आणलेली वस्तूही माणसाची पायरी दाखवते, हे त्यांनी ओळखले होते.

मात्र दुसऱ्याने दयेने दिलेले नाव त्यांना नको होते. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकातील ‘हरिजन’ शब्दाच्या निषेधार्थ त्यांनी सहकाऱ्यांसह सभात्याग केला.

१९५४ मध्ये ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १९५६ मध्ये त्यांच्या ‘जनता’ पत्राचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मूक, बहिष्कृत आणि शेवटी प्रबुद्ध: नावांची ही वाट छत्तीस वर्षांची आहे.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. तिथेही काळा हा हिणवण्याचा शब्द अभिमानाचा झाला होता.

आज ‘जय भीम’ छापलेले टी-शर्ट बाजारात मिळतात. मी तुमसरहून एक आणला आणि वर्गात कोण काय म्हणेल या भीतीने कित्येक महिने पेटीत ठेवला. दुकानदाराला तो इतर मालासारखाच माल. परंतु मला तो अंगावर घालायचा, तर त्यावरच्या नावामागची छत्तीस वर्षे आधी ठाऊक हवी होती. ती वाचून झाली, तेव्हाच मी पेटी उघडली.