नोकरीवर घेतलेला सेंटर फॉरवर्ड

फुटबॉलचा हंगाम संपला की चाहत्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो. कोण येणार, कोण सोडून जाणार, बचाव फळीला नवा माणूस मिळणार की नाही आणि संघ वरच्या श्रेणीत कधी जाणार, यावर लोकलच्या डब्यात वाद झडतात. बदलापूरच्या मांजर्लीत राहणाऱ्या चाहत्याला या प्रश्नांची झळ जरा जवळून लागते. शेजारच्या अंबरनाथचे नाव लावणारा अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा संघ २०२२-२३ च्या हंगामात आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला; बढती मात्र दिल्ली एफसी आणि शिलाँग लाजाँग यांच्या पदरात पडली. खेळाडूंच्या भरतीचा हा प्रश्न मुंबईच्या फुटबॉलला नवा नाही. एके काळी तो करारपत्रावर नव्हे, तर नेमणूकपत्रावर सुटत असे. त्या काळातून वर आलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे नेव्हिल डिसोझा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होते.

नेव्हिल यांचा जन्म ३ जुलै १९३२ रोजी बार्देस तालुक्यातील आसगावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणे ही तिथल्या कित्येक घरांची रीत होती. बोटीवरचे खलाशी, आचारी, वादक, शिंपी, कारकून असे नाना व्यवसायांचे गोवेकर मुंबईत येत. धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावागावांचे कूड होते. एका गावच्या माणसांनी एका छपराखाली राहावे, ट्रंक ठेवायला जागा मिळावी आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना व्हावी, अशी ही व्यवस्था. या माणसांनी सामानाबरोबर फुटबॉलचे वेडही मुंबईत आणले. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि कूपरेज ही मैदाने धोबीतलावपासून पायी जाण्याच्या अंतरावर होती, हाही योगायोग फळाला आला. पन्नाशीच्या दशकातल्या मुंबईच्या संघांतून गोमंतकीय नावे सतत का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या भूगोलात आहे. नेव्हिल यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले.

त्या काळच्या मुंबईत नामांकित खेळाडूपुढे वाट होती ती कचेरी संघांची. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅल्टेक्स, बर्मा शेल, पश्चिम रेल्वे यांसारख्या आस्थापनांचे संघ हारवूड लीगमध्ये खेळत. खेळाडूला खेळाचे पैसे देणे नियमात बसत नव्हते. ऑलिंपिकला तर निखळ हौशी खेळाडूच चालत. म्हणून कंपनी त्याला नोकरी देई. पगार कागदोपत्री कामाचा. सराव आणि सामन्यासाठी सवलत मिळे ती वेगळी. कोलकात्यात नव्या हंगामाच्या सह्यांच्या वेळी खेळाडूंना लपवून ठेवण्यापर्यंत मजल जाई आणि मोहन बागान, ईस्ट बंगालचे समर्थक त्यासाठी रात्री जागवत. मुंबईत हे सारे शांतपणे उरकत असे. एक पत्र टपालात पडे आणि पुढच्या हंगामात मैदानावर नवा चेहरा दिसे. घरच्यांच्या दृष्टीने त्या पत्राची किंमत गोलांपेक्षा अधिक होती. गुडघा दुखावला तरी नोकरी टिकण्याची आशा असे, आणि मध्यमवर्गीय घराला मुलाने फुटबॉल खेळावा असे वाटायला एवढे कारण पुरेसे होते.

नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्स अशा दोन्ही कचेरी संघांकडून खेळले. त्यांची जागा सेंटर फॉरवर्डची. १९५४ च्या संतोष करंडक स्पर्धेत मुंबईने मद्रासमध्ये सेनादलाला हरवून पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्या संघात ते होते. मुंबईच्या चाहत्याला या विजेतेपदाचे अप्रूप वाटले असेल तर नवल नाही. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स करंडक स्पर्धा त्याच्या शहरात होत असे, पण करंडक बाहेरगावी जाई. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद पोलिसांनी नेला, १९५५ मध्ये मोहन बागानने आणि १९५६ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने. आपल्या मैदानात दुसऱ्याची मिरवणूक पाहण्याची मुंबईकरांना जणू सवयच झाली होती.

हैदराबाद पोलिसांच्या त्या पाच विजयांमागे सय्यद अब्दुल रहीम हे प्रशिक्षक होते आणि भारतीय संघही त्यांच्याच हाती होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे चिरडले होते. बहुतेक भारतीय खेळाडू तिथे अनवाणी खेळले. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीम यांनी नव्या पद्धतीचा संघ बांधायला घेतला. त्यांनी हैदराबाद, बंगाल आणि मुंबई या तीन ठिकाणांहून माणसे उचलली. बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार, उजव्या बगलेला ईस्टर्न रेल्वेचे पी. के. बॅनर्जी, हैदराबादचे तुलसीदास बलराम, गोलरक्षकांत माटुंग्यात वाढलेले एस. एस. नारायण. आणि आघाडीच्या मध्यभागी नेव्हिल डिसोझा.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. त्यानंतर भारत आणि गोवा यांच्यातील ये-जा जवळपास तुटली. मुंबईतल्या गोवेकरांना गावी जाणे दुरापास्त झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने आसगावात जन्मलेला तरुण भारताचा पोशाख घालून मेलबर्नच्या मैदानावर उतरला. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षे होती.

मेलबर्नला भारताची पहिली गाठ हंगेरीशी पडायची होती. परंतु त्या शरद ऋतूत बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले आणि हंगेरीने फुटबॉल स्पर्धेतून अंग काढून घेतले. भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. त्याने जपानला २-० असे हरवले होते. १ डिसेंबर १९५६ रोजी ऑलिंपिक पार्कवर सामना सुरू झाला आणि नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताचे खाते उघडले. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी सतराव्या मिनिटाला बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली; मध्यंतराला थोडा अवधी असताना मॉरो यांनी तीही पुसली. २-२. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि दोनदा मागे पडून दोनदा सावरलेला प्रतिस्पर्धी. अशा वेळी पाहुणा संघ सहसा खचतो. मध्यंतरानंतर पाचव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि या वेळी ऑस्ट्रेलियाकडे उत्तर नव्हते. शेवटची दहा मिनिटे उरली असता कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल करून सामना संपवल्यातच जमा केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत आशियाई संघ पोहोचण्याची ती पहिली वेळ होती. यजमानांना हा निकाल नशिबाचा वाटला असेल तर त्याचेही उत्तर त्याच महिन्यात मिळाले. सिडनीतील मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले.

उपांत्य फेरीत ४ डिसेंबरला गाठ पडली ती त्याच युगोस्लाव्हियाशी. हेलसिंकीची आठवण ताजी होती. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला, हेच मोठे यश होते. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला देश ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या दारात उभा राहिला. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. पापेच आणि वेसेलिनोविच यांनी सामना फिरवला, शेवटी एक स्वयंगोलही झाला आणि भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असा विजय मिळवला. चौथा क्रमांक म्हणजे पदकाविना परतणे. तरीही आकडे पाहावेत. भारताने मेलबर्नला एकूण पाच गोल केले आणि त्यांतले चार एकट्या नेव्हिल यांचे होते. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव यांच्याबरोबर ते स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे ठरले.

मायदेशी परतल्यावर मुंबईचे फुटबॉल जिथे होते तिथेच होते. १९५७ चा रोव्हर्स करंडक पुन्हा हैदराबाद पोलिसांनी नेला. पण १९५८ साली कॅल्टेक्सने तो जिंकला आणि करंडक एकदाचा मुंबईतच राहिला. त्याच वर्षी कोलकात्यात पी. के. बॅनर्जींच्या ईस्टर्न रेल्वेने मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन या तिघांना मागे टाकून लीग जिंकली. नोकरी देणाऱ्या संघांचे ते वर्ष होते, असे म्हणता येईल. केरळच्या इरिंजालकुडाहून आलेले ओ. चंद्रशेखर याच सुमारास कॅल्टेक्समध्ये दाखल झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात ते होते आणि १९६३-६४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला. त्या सुवर्णविजेत्या संघातले दुसरे मुंबईकर फॉर्च्युनाटो फ्रँको जन्माने कोलवाळचे, म्हणजे नेव्हिल यांच्याच बार्देसचे. ते टाटांकडून खेळले आणि १९६६ मध्ये साळगावकर संघात दाखल होण्यासाठी गोव्याला गेले. मुक्त गोव्यातल्या खाणमालकांनी आता स्वतःचे संघ उभे केले होते. ज्या प्रवाहाने आसगावचा मुलगा मुंबईला आणला, तो उलटा वाहू लागला होता. मुंबईच्या फुटबॉलचे उतरते दिवस तिथून मोजायला हरकत नाही.

नेव्हिल यांचे दिवस त्याआधीच मावळू लागले होते. १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात त्यांचे नाव नव्हते. रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला आजवर गेलेला नाही. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि फुटबॉलमधला पहिला मान मेलबर्नचेच सहकारी पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. पुढे बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग यांची नावे आली. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. कोलकात्यात त्यांनी हंगाम गाजवले असते तर त्यांच्या नावाने घोषणा देणारे हजारो लोक मागे राहिले असते आणि त्या लोकांनी सरकारदरबारी आठवणही करून दिली असती. कचेरी संघाच्या खेळाडूला टाळ्या मिळत. त्याच्या बाजूने भांडणारे लोक त्याला मिळत नसत. संघ कंपनीचा, करंडक कंपनीच्या काचेच्या कपाटात, आणि खेळाडू हजेरीपटावर. १६ मार्च १९८० रोजी नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४७ होते.

तोपर्यंत कॅल्टेक्स हे नावही उरले नव्हते. केंद्र सरकारने परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या आणि १९७८ मध्ये कॅल्टेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. ज्या व्यवस्थेत व्यवस्थापनाच्या एका सहीने खेळाडू येत, तिथे एका सहीने संघही जातो, हे मुंबईने पुढेही पाहिले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि चार वर्षांनी, २०१० मध्ये, संघच बंद झाला. २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून आय-लीगमध्ये आलेल्या मुंबई एफसीने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. केंकरे एफसी आय-लीगमधून २०२३ मध्ये खाली घसरला. या प्रत्येक वेळी चाहते हळहळले, पण त्यांना विचारले कुणी नाही. कोल्हापूरच्या पेठांत तालमीच्या संघात बाहेरचा खेळाडू किती घ्यावा यावर अख्खी पेठ वाद घालते. कारण संघ पेठेचा असतो. मुंबईत २०१४ पासून मुंबई सिटीच्या रूपाने पैसा, परदेशी खेळाडू आणि करंडकही आले. २०२०-२१ मध्ये या संघाने इंडियन सुपर लीगची शील्ड आणि करंडक दोन्ही पटकावले. अंधेरीच्या स्टेडियममध्ये बसून नव्या मध्यरक्षकाची उठाठेव करणारा चाहता तयार झाला, ही त्यातली खरी नवी गोष्ट.

वांद्र्याला एका फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसोझा यांचे नाव दिले आहे. मुंबईच्या लीगचे सामने तिथे होतात. वरच्या गटात चढण्यासाठी आणि आहे त्या गटात टिकण्यासाठी बँकांचे, वस्त्यांचे आणि अकादमींचे संघ त्या हिरव्या कृत्रिम गवतावर झुंजतात. बाजूच्या कठड्याशी मोजकेच लोक उभे असतात, आणि पुढच्या मोसमात सेंटर फॉरवर्ड कोण आणायचा, यावर त्यांचे बोलणे चालू असते.