हवेचे शास्त्र मराठीत मांडणारे केरूनाना छत्रे

अलिबागजवळच्या नागाव येथे १८२५ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे बालपणीच पोरके झाले. मुंबईत काका बापू छत्रे यांनी त्यांचा सांभाळ केला. प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा अवघ्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास कुलाबा वेधशाळेत रुजू झाला. तेथे हवामानाचे व भूचुंबकत्वाचे वेध घेतले जात. श्वासासोबत आत जाणारी हवा म्हणजे सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू व अल्प प्रमाणातील इतर वायू; हे ज्ञान तेव्हा मुख्यतः इंग्रजी ग्रंथांत होते. केरूनानांनी हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान यांवर मराठीत निबंध वाचले. पुढे पुण्यात लोकमान्य टिळक त्यांचे शिष्य झाले. १८८४ मध्ये ते निवर्तले. आज पावसाचा अंदाज आपण मायबोलीत वाचतो, त्या वाटेवरचे पहिले पाऊल त्यांच्यासारख्यांचेच.