विश्वासाचे भांडवल : जमशेटजी टाटा



टाटा हे नाव कोणाला ठाऊक नाही? मिठाच्या पुडीवर आणि मालट्रकवर आपण ते रोज वाचतो. पण हे नाव ज्यांनी नावारूपाला आणले, ते जमशेटजी नसरवानजी टाटा ऐन तरुणपणी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून त्यांची कथा मी त्या अपयशापासूनच सांगतो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. वडील मुंबईत व्यापार करीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण आटोपून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले व १८५९ साली हाँगकाँगला गेले. त्या काळच्या अनेक पेढ्यांप्रमाणे या पेढीच्या मालातही कापसाबरोबर अफू होती, हे आपण झाकून ठेवू नये.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले व तो भाव एकाएकी कोसळला. त्या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते आणि त्यांच्या हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्या होत्या. वय अवघे २६. कोणीही तोंड लपवून परत फिरला असता. जमशेटजी मात्र स्वतः बँकांच्या व सावकारांच्या दारी गेले आणि खरी परिस्थिती त्यांच्यापुढे मांडली. त्या प्रामाणिकपणाचा परिणाम असा झाला की, देणेकऱ्यांनी हिशेब निस्तरण्याचे काम दरमहा २० पौंड वेतनावर त्यांच्याकडेच सोपवले. पैसा गेला, पण पत राहिली!

पुढे घराची परिस्थिती सावरली. १८६९ साली त्यांनी चिंचपोकळी येथील बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेतली आणि तिची सूतगिरणी केली. व्यापारी माणूस कारखानदार झाला. जुना धंदा बुडाला तर कपाळाला हात लावून न बसता नवे शिकावे, हा धडा त्यांनी असा गिरवला.

नंतर त्यांनी नागपूर निवडले. जवळ कापूस होता, वरोऱ्याचा कोळसा होता, रेल्वे होती. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. हे गृहस्थ रेल्वेत नोकरी केलेले, कापडधंद्याचा अनुभव शून्य! यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज तंत्रज्ञ आणला. माणूस पारखताना त्याची शिकण्याची तयारी पाहावी, असा त्यांचा रिवाज होता.

सुरुवातीला कामगार वरचेवर गैरहजर राहत. इतर मालकांनी दंड बसवला असता. जमशेटजींनी गिरणीत हवा खेळती ठेवण्याची सोय केली, बक्षिसे ठेवली, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ साली अपघातग्रस्त कामगाराला भरपाई देण्याची योजना आणली. भरपाईचा कायदा आपल्या देशात व्हायला १९२३ साल उजाडले, हे लक्षात घ्या.

१८८६ सालीच त्यांनी कुर्ल्याची एक मोडकळीस आलेली गिरणी घेऊन तिचे नाव स्वदेशी ठेवले. यंत्रे कुचकामी निघाली, भागांचे भाव उतरले. तेव्हा त्यांनी एम्प्रेसमधील स्वतःचे भाग विकून पैसा उभा केला, नागपूरची मुरलेली माणसे कुर्ल्यास आणली आणि गिरणी रुळावर आणली. लोकांचा पैसा बुडू द्यायचा नाही, ही त्यांची जिद्द होती.

आता आपल्या संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगतो. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता त्यांनी १८९२ साली निधी स्थापन केला. आरंभी तो केवळ पारशी मुलांसाठी होता. आपल्या समाजाची काळजी प्रथम वाहणे यात गैर काहीच नाही. पण दोनच वर्षांनी त्यांनी त्या निधीचे दार सर्व भारतीयांना उघडले. केरळमधील एका गरीब दलित घरातील मुलगा पुढे याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकला. तो मुलगा म्हणजे आपले माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन.

पोलादाचा कारखाना हे जमशेटजींचे मोठे स्वप्न. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाचा अहवाल वाचल्यापासून ते त्यांच्या मनात घोळत होते. १९०२ साली त्यांनी पुत्र दोराबजींना पत्र लिहून कळवले की, कामगारांच्या गावात रस्ते रुंद असावेत, सावलीची झाडे लावावीत, खेळासाठी मैदाने सोडावीत, आणि मंदिरे, मशिदी व चर्च यांसाठी जागा राखून ठेवावी. कारखान्याची वीटही रचलेली नव्हती, तेव्हाचे हे पत्र! कामावर येणारा माणूस आपली श्रद्धा फाटकाबाहेर टाकून येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. कारखाना त्यांनी पाहिला नाही. लंडनच्या धनिकांकडून भांडवल मिळेना, तेव्हा १९०७ साली दोराबजींनी भारतीयांना हाक दिली. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल जमवले. जमशेटजी हयात नव्हते, पण त्यांच्या नावावर लोकांचा विश्वास होता. १९१२ साली पोलाद निघाले आणि १९१९ साली त्या गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले.

त्याच जमशेदपुरात १९६४ व १९७९ साली दंगलींत निरपराध माणसे मारली गेली, हेही विसरता येत नाही. संस्थापकाने जागा राखून ठेवली, तरी शेजारधर्म प्रत्येक पिढीला नव्याने पाळावा लागतो.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी उद्या दुकान काढील, कारखान्यात लागेल, कदाचित चार माणसांना कामही देईल. त्यांना हिशेब जरूर शिकवा. पण तोटा आला तर देणेकऱ्यासमोर ताठ मानेने जाऊन खरे सांगण्याचे आणि कामावर घेताना माणसाचे आडनाव न पाहता त्याचा हात पाहण्याचे धैर्यही त्यांच्या अंगी बाणवा. विद्यार्थी मित्रहो, एम्प्रेस मिल आज बंद आहे. यंत्रे गंजतात, धंदे बदलतात. लंडनमध्ये त्या सव्विशीतल्या तरुणाने राखलेली पत मात्र त्याच्या मृत्यूनंतरही कामी आली. ती पत कमवायला भांडवल लागत नाही. त्याची सुरुवात तुम्ही आजच वर्गात करू शकता.