बर्नार्ड सिल्व्हर : बारकोड शोधला, पण दुकानातला ‘बीप’ ऐकायला मिळाला नाही

साध्या स्कॅनर ॲपने बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड स्कॅन करून बघा. नाव नाही, किंमत नाही, फक्त १३ आकडे येतात. बाकीची माहिती दुकानाच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत असते. स्कॅन केलेला आकडा त्या यादीत सापडला तरच बिल होतं. बर्नार्ड सिल्व्हर यांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती याचमुळे.

सिल्व्हर यांचा जन्म १९२४ चा. १९४८ मध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते. तिथे ‘फूड फेअर’ या किराणा दुकानांच्या साखळीचे प्रमुख एका डीनकडे आले होते. काउंटरवर वस्तूची माहिती आपोआप नोंदवणारी यंत्रणा त्यांना हवी होती. डीननी नकार दिला, पण ते बोलणं सिल्व्हर यांच्या कानावर पडलं. त्यांनी मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँडला गाठलं आणि दोघे कामाला लागले.

आधी अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारी शाई वापरली. ती महाग होती आणि फिकीही पडायची. मग वुडलँडना मोर्स कोडवरून जाड-बारीक रेषा सुचल्या. २० ऑक्टोबर १९४९ ला दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, ७ ऑक्टोबर १९५२ ला ते मिळालं. त्यातलं गणित सोपं होतं: एक रेषा संदर्भासाठी, बाकी तीन असणार किंवा नसणार. एवढ्यात ७ प्रकार ओळखता येतात. रेषा वाढवल्या की प्रकारही वाढतात.

पण त्यांचा स्कॅनर टेबलाएवढा होता. त्यात ५०० वॅटचा बल्ब होता, त्याच्या उष्णतेने कागद करपायचा. लेझर अजून जन्मायचा होता. हजारो वस्तूंची यादी क्षणात शोधणारा, दुकानाला परवडणारा कॉम्प्युटरही नव्हता. म्हणजे कोड तयार होता, पण तो जुळवायचा कशाशी? शेवटी १९६२ मध्ये फिल्को कंपनीने पेटंट १५,००० डॉलरला घेतलं.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, सिल्व्हर वारले. वय फक्त ३८. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं आणि आजच्या बारकोडवरचं पहिलं बिल निघालं. तोपर्यंत पेटंटची मुदतही संपली होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये दोघांची नावं आली. तेव्हा सिल्व्हर यांना जाऊन ४८ वर्षं झाली होती.

आज स्कॅनर स्वस्तात मिळतो. यूएसबीला जोडला की तो कीबोर्डसारखा आकडे टाइप करतो. सोबतच्या माहितीपुस्तिकेतला सेटिंगचा बारकोड स्कॅन केलात की आकड्यांनंतर ‘एंटर’ही आपोआप दाबला जातो. तरी ‘आयटम सापडला नाही’ असं येतंय? मग स्कॅनर बदलण्याआधी यादी बघा. एक्सेलमध्ये कोडचा कॉलम ‘नंबर’ असेल तर सुरुवातीचा शून्य गायब होतो. अमेरिकन कोड १२ आकडी असतो, आणि काही स्कॅनर त्याच्यापुढे शून्य लावून १३ आकडे पाठवतात. कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा आणि दोन्हीकडे आकड्यांची संख्या सारखी करा.

सिल्व्हर यांच्याकडे रेषा होत्या, यादी ठेवायला कॉम्प्युटर नव्हता. आपल्याकडे दोन्ही आहे, फक्त ते एकमेकांशी जुळलं पाहिजे.