गोट्यांवरून जमिनीचा इतिहास वाचणारे अल-बिरूनी

नदीतला गोटा गोल का असतो, हा प्रश्न लहान मुलालाही पडतो. हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल-बिरूनी यांनी याच प्रश्नातून एका अख्ख्या मैदानाचा इतिहास शोधला.

त्यांचा जन्म ९७३ साली ख्वारिज्ममध्ये, आजच्या उझबेकिस्तानात झाला. १०१७ मध्ये गझनीच्या महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि त्यांना गझनीला नेले. वतन सुटले, तेही मर्जीने नव्हे. महमूदच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थानात मने दुखावलेली असतानाच अल-बिरूनी पंडितांपुढे विद्यार्थी म्हणून बसले, संस्कृत शिकले. या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट धुळीला मिळवली, हे त्यांनी १०३० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात न कचरता लिहिले.

त्याच ग्रंथात त्यांचे एक निरीक्षण आहे. डोंगराजवळ पाण्याला जोर असतो, तिथे दगड मोठे. पुढे प्रवाह मंदावतो, तिथे ते लहान. मुखाजवळ नुसती वाळू. यावरून त्यांनी ताडले, की उत्तरेचे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरत आले असावे. गझनीचा किबला अचूक ठरवण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथातही हीच नजर दिसते. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी खोदताना शिंपले निघतात, म्हणजे तिथेही कधीकाळी समुद्र होता, असे त्यांनी मांडले.

अल-बिरूनी दख्खनला आले नाहीत. पण त्यांची रीत जालन्यालाही लागू पडते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून इथला काळा पाषाण तयार झाला. ऊन, पाऊस आणि वाऱ्याने तो झिजला. त्याचीच काळी माती झाली आणि तिच्यात आज कपाशी उभी राहते. कुंडलिका ही माती दुधनेकडे नेते, दुधना पूर्णेकडे, पूर्णा गोदावरीकडे. निसर्ग एकीकडे झिजवतो, दुसरीकडे भर घालतो. मात्र मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि बांध फुटला तर तो एका पावसात वाहून जातो.

१०४८ च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले. असे सांगतात, की मृत्युशय्येवरही त्यांनी भेटायला आलेल्या एका विद्वानाकडून वारसाहक्काचा एक मुद्दा समजून घेतला. अज्ञानात जाण्यापेक्षा जाणून घेऊन जाणे त्यांना बरे वाटले. इल्मची ही भूक अखेरच्या श्वासापर्यंत शमली नाही.