वाळूतली कवचं ओळखणारे दोर्बिन्यी

अल्सिद दोर्बिन्यी यांचा जन्म १८०२ साली फ्रान्समध्ये झाला. डॉक्टर वडिलांबरोबर ते समुद्रकाठची वाळू सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्यात इवली, कप्प्याकप्प्यांची कवचं दिसत. कप्प्यांमधल्या छिद्रांवरून त्यांनी १८२६ मध्ये त्यांना फोरामिनिफेरा नाव दिलं. कप्प्यांच्या रचनेवरून गट पाडले, इतरांना ओळखता यावीत म्हणून मोठ्या प्रतिकृतीही केल्या. समुद्रात तरंगणाऱ्या ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’चं नावही त्यांचंच.

पण हे जीव त्यांना माखलीचे नातलग वाटले. १८३५ मध्ये दुजार्दँ यांनी ते अमीबासारखे साधे जीव असल्याचं दाखवलं. दोर्बिन्यींनी ते मान्य केलं. १८५७ मध्ये ते वारले. जीवाश्म ओळखताना त्यांनी दिलेली नावं आजही वापरतात. नातं चुकलं, तरी निरीक्षण टिकलं. मुलांच्या वह्या तपासताना हे लक्षात ठेवूया.